जित्याचं रडणं

पूनमसिंगला ट्रकनं मारलं, असं पोलिसांनी लिहून घेतलं. हंसाबाई म्हणायची, माझ्या नवऱ्याला खेमसिंगनं मारलं. तांड्यात तोंडावर कोणी हो म्हटलं नाही, पण बाई खोटं बोलत नाही हे मनातून सगळ्यांना ठाऊक होतं.

आर्णीच्या सडकेवर, तांड्याच्या तोंडाशीच खेमसिंगचं परवान्याचं दारूचं दुकान. सडकेवर ट्रक वाढले तसं दुकानही फुगलं. ड्रायव्हर गाडी उभी करत, गळ्यापर्यंत पीत आणि तसेच पुढं निघत. त्या दिवशी सरकीची पोती भरलेला एक ट्रक सकाळपासून दुकानापुढं उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला पाय टेकवत नव्हते. ट्रकनं दुकानाचं तोंड अडवलं, गिऱ्हाईक आत येईना, तर या भल्या माणसानं काय करावं? ड्रायव्हरला बगलेत धरून गाडीत बसवलं आणि स्वतः पुढं होऊन हँडल मारून गाडी चालू करून दिली. वर हसत म्हणाला, जा राजा, सडक मोकळी हाय.

सडक मोकळी नव्हती. वळणापलीकडं पूनमसिंग कापसाची बैलबंडी घेऊन सरकी काढायच्या जिनाकडं चालला होता. बैल जागेवर गेला. पूनमसिंग सांजेपर्यंत तडफडला आणि मग गेला.

ड्रायव्हर जेलात गेला. हंसाबाईला त्याचं काही वाटलं नाही. तो शुद्धीतच कुठं होता? शुद्धीत होता तो हँडल मारणारा, आणि तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला. गिलास विसळून रोजच्यासारखे ओळीनं मांडले. हंसाबाईनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथंच मनाशी ठरवलं, की याला रडताना पाहीन तेव्हाच माझ्या घशाखाली सुखाचा घास उतरेल.

आधी ती सरळ वाटेनं गेली. आबकारीचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांची जीप अडवून उभी राहिली. पिणाऱ्याले शिक्षा झाली, पाजणाऱ्याले काहून नाही, असं तिनं विचारलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं की दुकान कधी उघडायचं, कधी लावायचं, लहान पोराला द्यायची नाही, हे सगळं परवान्यात आहे. गाडी हाकणाऱ्याला पाजू नये, असं मात्र त्यात कुठंच नाही.

"मंग लिहा ना, साहेब," हंसाबाई म्हणाली.

लिहिणारे मुंबईत बसतात बाई, असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले. पुढंमागं दारूबंदीच येणार आहे, असंही जाताजाता बोलले. येणार म्हणजे कधी? तोवर किती बायकांची कपाळं पुसायची? पण जीप धुरळा उडवत गेली, आता विचारणार कोणाला?

मग तिनं पंचायत बसवली. इथं मोठी पंचाईत झाली. खेमसिंग म्हणजे पूनमसिंगचा थोरला चुलतभाऊ, नात्यानं तिचा जेठ. जेठापुढं घुंगट वर करायचा नाही, जेठाशी शब्द बोलायचा नाही, ही तांड्याची रीत. हंसाबाईनं सासूच्या, रामीबाईच्या कानात सांगायचं आणि सासूनं पंचांना. रामीबाईच्या बोळक्या तोंडातून बाहेर पडेस्तोवर सुनेच्या निखाऱ्याची राख व्हायची. खेमसिंग मात्र मोकळ्या गळ्यानं बोलला. मी विकतो, कोणाच्या नरड्यात ओतत नाही. पिणाऱ्यानं आपलं पाहावं, पाजणाऱ्याचा काय दोष? पंचांनी माना डोलवल्या. डोलवणारच, आदल्या सांजेला त्याच्याच ओसरीवर बसले होते मेले! ड्रायव्हर तांड्याचा नाही, तंटा आपला नाही, असा निवाडा झाला.

हंसाबाई घुंगटात दात आवळून घरी आली. रात्रभर कूस बदलत राहिली आणि पहाटे तिला एक गोष्ट सुचली. जेठापुढं बाईनं बोलायचं नाही, हे खरं. पण रडायचं नाही असं कुठंय? तांड्याच्या बाया रडतात ते सुरात, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगत. आणि रडणाऱ्या बाईला तांड्याचा म्होरक्या, नायकसुद्धा अडवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोरच्या पळसाखाली जाऊन बसली. दुपारी एक ड्रायव्हर झोकांड्या खात बाहेर आला. तिनं क्लीनरला त्याचं नाव विचारलं, तो म्हणाला मारोती. ड्रायव्हरनं गाडीच्या दाराला हात घातला आणि इकडं हंसाबाईनं घुंगट ओढून सूर लावला.

"मारोती रे, भाकर झाकून ठेवली रे तुह्या मायनं! कोण खाईन आता, मारोती रे!"

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. मी जिता हाय ना बाई, कायले रडतं, म्हणून कळवळला. हंसाबाई थांबली नाही. सुरातच त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, लेकरं उघड्यावर टाकली, त्याला तिरडीवर बांधलं. मारोतीची अर्धी दारू तिथंच उतरली. तो गाडीखाली जाऊन झोपला आणि ऊन कलल्यावर तोंड धुऊन गेला. पुन्हा काही त्या दुकानाची पायरी चढला नाही.

मग हे रोजचंच झालं. पायी आलेला पिऊन पायी गेला तर ती गप्प. बंडीवाला, ट्रकवाला निघाला की त्याचं जितेपणी रडणं सुरू. पुसदपर्यंत बोभाटा झाला की आर्णीच्या सडकेवर एक बाई नाव घेऊन रडते, आणि तिनं रडलेला माणूस टिकत नाही. टिकत नाही हे लोकांनी पदरचं जोडलं, हंसाबाईनं ते खोडलं नाही. ड्रायव्हर लोक दुकानावरून तोंड फिरवून जाऊ लागले. खेमसिंग नायकाकडं धावला. भीमसिंग नायक म्हणाला, रडत्या बाईले म्या कसं आडवू, बापजाद्याची रीत हाय. मग खेमसिंगनं पोलीस जमादाराला आणलं. जमादार पळसाखाली उभा राहून खो खो हसला. रडण्यावर कोणतं कलम लावू सांग, म्हणाला.

ते कलमही कुठं लिहिलेलं नव्हतं. हंसाबाईला घुंगटात हसू आलं.

पण दुकान ओस पडलं तरी तिची आग काही विझली नाही. खेमसिंग चिडत होता, शिव्या घालत होता, रडत कुठं होता?

होळी झाल्यावरची गोष्ट. खेमसिंगनं एकुलत्या एका पोराला, फुलचंदला, जुना ट्रक घेऊन दिला होता. पोरगं घरच्याच दुकानात पिऊ लागलं. त्या दुपारी डोळे तांबडेलाल करून फुलचंद बाहेर आला, भरल्या गाडीत बसला आणि दुकानातल्या दोस्ताला म्हणाला, हँडल मार. खेमसिंग आडवा आला. पोरानं त्याला असा ढकलला की पागोटं धुळीत पडलं.

"तूच म्हनत होता ना, पाजणाऱ्याचा काय दोष?" फुलचंद वरून म्हणाला. "मंग सरक बाजूले."

खेमसिंग उघड्या डोक्यानं पळसाकडं धावत आला. जेठ भावजयीच्या इतक्या जवळ कधी येत नाही, हा आला आणि हात जोडून उभा राहिला. रड बाई, त्याच्या नावानं रड, तुह्याच रडण्याले भेतात सारे, म्हणाला.

येणाऱ्याजाणाऱ्यासाठी हंसाबाईपाशी सूर होता, आज नव्हता. तिकडं हँडल फिरलं, इंजिन धडधडू लागलं. जाऊ दे, तिच्या मनात आलं. जाऊ दे याचंही एक. मोकळी हाय सडक. तिला तो विचार गोड लागला, अगदी गुळासारखा. मग वळणापलीकडं आजही कोणाची तरी बंडी असेल, हे मनात आलं आणि गोडी कडू झाली. पण खेमसिंगला फुकटात सोडायला ती काही देवी नव्हती.

तिनं दोन्ही हातांनी घुंगट वर केला आणि जेठाच्या डोळ्याला डोळा दिला. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"तुह्या पोराच्या नावानं तू रड. मी नाही रडत."

तांड्यात बाप्या माणूस असा रडत नाही. पण गिअर पडल्याचा आवाज आला तसा खेमसिंग फिरला, धावला आणि ट्रकच्या पुढ्यात, भर सडकेत, मांडी ठोकून बसला. तोंड उघडलं, पण नुसता घोगरा हुंदका निघाला.

"नाव घे," हंसाबाई ओरडली. "नाव घेतल्याबिगर पोचत नाही!"

"फुलचंद रे!" खेमसिंगनं गळा काढला. "माह्या हातानं मारला रे तुले, फुलचंद रे!"

सूर चुकला होता, पण ते रडणं खरं होतं. दुकानातली माणसं बाहेर आली, तांड्यातून बाया धावल्या, नायक आला. बापाच्या तोंडून आपलं मरण ऐकून फुलचंदनं इंजिन बंद केलं आणि डोकं धरून खाली उतरला. तरी म्हातारा थांबेना. बोलता बोलता मधेच पूनमसिंगचंही नाव घेऊ लागला, आणि ते ऐकलं तेव्हाच हंसाबाई उठली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. पुढं सरकारची दारूबंदी आली. बाहेरचे लोक म्हणतात कायद्यानं दुकान बंद झालं, म्हणोत बापडे.

खेमसिंग रडला त्या सांजेला हंसाबाई घरी आली, चुलीपाशी बसली आणि भाकर घेतली. रामीबाईनं रोजच्यासारखं विचारलं, आज कोणाच्या नावानं रडली बाई?

"आज मी नाही रडली," हंसाबाई म्हणाली आणि दुसरी भाकर मागितली.