काठोकाठ पियाला

बुरुलचा सकाळपासून स्वयंपाकघर ते दार, दार ते खिडकी अशी चाकाची खुर्ची फिरवत होती. खिडकीतून दिसत तरी काय होतं? समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या गाद्या! पण जीव एका जागी ठरेल तर ना.

"फरशी झिजेल गं बाई," गुलसून म्हणाली. किर्गिझस्तानातल्या बिश्केकमधल्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अपंगांसाठीच्या एका संस्थेनं बुरुलचाला राहायला दिलं, तेव्हा मदतनीस म्हणून गुलसूनला नेमलं होतं. आठवड्यातून तीनदा यायची आणि कामाला हात लावायची नाही, नुसती शिकवायची. तीन महिन्यांत बुरुलचा अंघोळ, बाजारहाट, सूप, सगळं आपलं आपण करायला लागली. आज मुदत संपत होती. इथंच राहायचं की आईकडे परतायचं, हे तिनं स्वतः सांगायचं होतं, आईसमोर.

तिथंच घोडं पेंड खात होतं. बुरुलचाचे शब्द जन्मापासून अडखळत यायचे आणि अपाला, म्हणजे तिच्या आईला, दम कसला तो नव्हता. लेकीनं 'मला' म्हटलं की 'पाणी हवंय' म्हणून अपा मोकळी! चौतीस वर्षं या बाईनं लेकीचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मायेपोटीच हो, पण माया आहे म्हणून काय माणसानं मुकं व्हायचं?

अपा आली ती काखेत जाड पांघरूण घेऊनच. "चल, आवर. मामा गाडी चालू ठेवून बसलाय."

"अपा, मी..."

"कपडे ना? मी भरते की."

गुलसूननं तोंड उघडलं, पण बुरुलचानं डोळ्यांनी तिला गप्प केलं. किटली जवळ ओढली. हात थरथरत होते, ते तर नेहमीचंच. कोपर टेबलाला घट्ट टेकवून तिनं चहा ओतला, बरोब्बर अर्धा पियाला. अर्धाच भरायचा असतो. पाहुण्यानं पुन्हा मागावा, निवांत बसावं. काठोकाठ भरून दिला तर पाहुणा मुकाट्यानं टोपी उचलून निघतो.

अपा बघतच राहिली. "एक थेंब सांडला नाही! कुणी शिकवलं गं?"

दुसरा पियालाही अर्धाच. सायीत नान बुडवून खाता खाता अपाचे डोळे भरून आले. "माझी गुणाची ती! आता घरी मामाला असाच चहा दे."

बाहेर मामानं हॉर्न वाजवला.

"अपा, मला इथं..."

"कंटाळा आला ना? कळतं गं मला."

आता मात्र बुरुलचाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं अपापुढचा रिकामा पियाला ओढला, कोपर टेकवलं आणि ओतायला लागली. अर्धा झाला.

"पुरे, पुरे!" अपा म्हणाली.

धार थांबली नाही. चहा काठाला लागला तेव्हा बुरुलचानं किटली खाली ठेवली आणि पियाला दोन्ही हातांनी आईपुढे सरकवला.

"हात हलला वाटतं," अपा पुटपुटली.

"ना... ही."

अपा जन्मात पहिल्यांदा वाट बघत बसली.

"मु... मुद्दाम."

अपाचा चेहरा पडला. पोटच्या पोरीनं दार दाखवावं! बुरुलचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पियाला मागे घ्यावा म्हणून तिनं हात पुढे केला, पण अपानं तो आधीच उचलला होता. चटके बसत होते तरी घोट घोट करत तिनं सगळा संपवला. बाहेर हॉर्नवर हॉर्न चालले होते.

मग ती उठली. आणलेलं पांघरूण लेकीच्या मांडीवर टाकलं, कडा नीट खोचल्या आणि दारापर्यंत गेली. तिथून मागे वळली.

"रविवारी येईन," अपा म्हणाली, "तेव्हा अर्धाच भर."