मीठ शेवटी

निमंत्रण आलं ते मोबाइलवर. सावद्याच्या शेतकरी गटाची भरीत पार्टी, येत्या रविवारी दुपारी बारा वाजता, गटाचे अध्यक्ष रतिलालभाऊ यांच्या मळ्यात. सोबत 'इस्रायल दौऱ्याचे अनुभवकथन'. खाली सहा वक्त्यांची नावं, प्रत्येकापुढे 'प्रगतिशील शेतकरी'. आणि अगदी तळाशी, मंडपवाल्याच्या नावाच्या एक ओळ वर, 'खास आकर्षण : इस्रायली सलाड – सौ. सुनंदाबाई जीवराम'.

सुनंदाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"दौऱ्यावर सात जण गेलते ना आई?" सून ऋतिकाने विचारलं.

"सातच गेलते. सहा शेतकरी अन् एक सैपाकीन," सुनंदाबाई म्हणाल्या आणि भाकरी इतक्या जोरात थापली की ती मधोमध फाटली.

राग यायला कारण होतं. सहा एकर केळी त्या बावीस वर्षं एकटीने बघत होत्या. जीवरामभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, शिरपूरला एका कॉलेजात कारकून होते. शनिवारी घरी येत आणि केळी उभी आहे की वाऱ्याने आडवी झाली हे त्यांना तेव्हा कळे. पण सातबारा त्यांच्या नावावर, त्यामुळे दौऱ्याचं पत्रही त्यांच्याच नावाने आलं. तेव्हा या शांत माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवला होता. "शेती ही करते. हिलाच जाऊ द्या." त्या एका वाक्यावर सुनंदाबाई विमानात बसल्या. एरवी जीवरामभाऊ म्हणजे मूग गिळून बसण्यात पटाईत.

आताही ते शिरपूरहून फोनवर म्हणाले, "जाऊ दे ना. सलाड तर सलाड. नाव तर आलं."

"नाव कुठी आलं ते पाह्यलं का?"

जीवरामभाऊंनी पाहिलं होतं.

सुनंदाबाईंना फक्त दहा मिनिटं हवी होती. दौरा फेब्रुवारीत झाला. तिथे जे पाहिलं ते करून बघायला बाकीच्या सहांना वर्ष संपत आलं तरी सवड झाली नव्हती. त्यांनी मात्र मार्चपासून एक एकर वेगळं काढलं. दिवसातून एकदाच सहा-सहा तास ठिबक सोडायचं बंद केलं आणि तेच पाणी तीन वेळांत, थोडं थोडं, मुळाशी माती हाताने चाचपून दिलं. अख्खा उन्हाळा त्या एकराने काढला, सावद्याचा उन्हाळा! ऑक्टोबरात कापणी झाली. पाणी तिसऱ्या हिश्शाने कमी लागलं आणि घड शेजारच्या बागेपेक्षा तसूभरही हलका नव्हता. माल बघायला आलेला व्यापारी जीवरामभाऊंच्या पाठीवर थाप मारून गेला. सुनंदाबाई तिथेच उभ्या होत्या, चहाचा कप घेऊन.

त्यांनी रतिलालभाऊंना फोन लावला. "भाऊ, मले दहा मिन्टं बोलायचं हाय. माह्या एकराचं सांगायचं हाय."

"अहो अक्का, वेळ कुठे आहे? सहा जण बोलणार. आणि तुम्ही कशाला बोलायचं? तुमचं सलाडच बोलेल की!" रतिलालभाऊ आपल्याच बोलण्यावर हसले. फोनवर हसणाऱ्या माणसाचं काही करता येत नाही. सुनंदाबाईंनी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या सलाडची गोष्ट रतिलालभाऊंनी गावभर सांगितली होती, पण आपल्या सोयीची. "परदेशात आपल्याला काय खायला मिळणार? पण अक्का होत्या, त्यांनी रोज सलाड चिरून दिलं म्हणून आम्ही जगलो." खरी गोष्ट वेगळी होती. ते उतरले होते एका किबुट्झवर, म्हणजे सगळं गाव मिळून शेती करतं आणि एकाच मोठ्या खोलीत जेवतं अशा ठिकाणी. सकाळी टेबलावर आख्ख्या काकड्या, आख्खे टोमॅटो, ढोबळी मिरच्या, कांदे आणि सुऱ्या. प्रत्येकाने आपलं आपण चिरायचं, ही तिथली रीत. हे सहा जण टोमॅटोकडे बघत बसले, मग सुनंदाबाईंकडे बघत बसले. हाताला सवय असते. त्यांनी मुकाट्याने एकेकाची ताटली ओढून चिरायला घेतलं.

तिसऱ्या ताटलीला रिवका आली. त्या किबुट्झवरचीच सत्तरीची बाई, हात शेतात राबून राठ झालेले. तिने सुनंदाबाईंच्या हातातली सुरी काढून घेतली, रतिलालभाऊंच्या पुढ्यात ठेवली आणि काहीतरी बोलली. भाषा कुणालाच कळली नाही, म्हणणं सगळ्यांना कळलं. रतिलालभाऊंनी टोमॅटोत सुरी खुपसली तेव्हा रस थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. मग रिवकाने सुनंदाबाईंना शेजारी बसवून दाखवलं: हरभऱ्याच्या दाण्याएवढं बारीक चिरायचं, लिंबू पिळायचं, तेल घालायचं आणि मीठ अगदी शेवटी. सुनंदाबाईंचा हात मिठाकडे आधी गेला तर तिने हातावर हलकेच चापट मारली. न्याहारीनंतर त्यांना एकटीला बागेत नेऊन पाण्याच्या नळ्याही तिनेच दाखवल्या. गावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रविवारी बाराला सुनंदाबाई जीवरामभाऊ आणि ऋतिकासोबत मळ्यात पोचल्या, स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास बांधापर्यंत येत होता. भरताचे उस्ताद नथ्थूनाना खास शिंदखेड्याहून बोलावले होते. त्यांची माणसं लाकडाच्या बडगीत वांगी ठेचत होती. भरीत पार्टीत रांधणारे पुरुष, खाणारे पुरुष आणि भांडी घासायला बाया, हे ठरलेलंच. भाज्या सकाळीच नथ्थूनानांकडे दिलेल्या, आणि 'वाढायच्या वेळी मी येऊन चिरते' असा निरोपही दिलेला.

"अक्का, बठ्ठं तयार शे!" नथ्थूनानांनी आनंदाने परातीवरचं फडकं उचललं. "अकरालेच चिरी टाकं. मीठ, साखर, दाण्याचं कूट, बठ्ठं टाकी दिन्हं. रतिलालभाऊ बोलनात, बाईमानूसले तरास नको."

परातीत कोशिंबीर होती. कोशिंबीर तरी कसली, मिठाने सुटलेल्या पाण्यात काकडीच्या मऊ फोडी तरंगत होत्या आणि वर कुटाचा चिखल. आपल्याकडे चालतंही ते. पाणी सुटलं तर निथळायचं, दही घालायचं, कुणाचं काही बिघडत नाही. पण सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एक दहा मिनिटं मागितली होती, ती मिळाली नाहीत. त्या बदल्यात जे दिलं होतं तेही आता हातचं गेलं होतं. म्हणजे पाहुण्यांसमोर रतिलालभाऊ म्हणणार, 'हे बघा इस्रायली सलाड', लोक म्हणणार, 'ही तर आपली कोशिंबीर', आणि बाई परदेशात जाऊन काय शिकून आली तर हे!

"नथ्थूनाना, भाजी उरली हाय का?"

"दोन क्रेट शेतस. दुसरी पंगतसाठे."

"अन् सुऱ्या किती हायेत तुमच्या पेटीत?"

"वीस-बावीस व्हतीन. कसाले?"

सुनंदाबाईंनी पदर खोचला. ऋतिकाला हाक मारली, दोन वाक्यं कानात सांगितली. ऋतिका आधी घाबरली, मग हसली.

पहिल्या पंगतीला चाळीस जण बसले, समोर केळीची पानं. भरीत खाल्ल्यावर माणूस भाषणाला थांबत नाही, हे रतिलालभाऊंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून भाषणं पंगतीतच ठेवली होती. ते माइकपाशी उभे राहून घसा साफ करत होते. पंगतीत पहिलं वाढतात ते मीठ, पानाच्या डाव्या कोपऱ्यात. वाढपी मिठाचं भांडं घेऊन निघाला आणि ऋतिकाने ते अलगद त्याच्या हातातून घेतलं आणि सासूच्या हातात दिलं. मग तिने प्रत्येक पानावर एक टोमॅटो, एक काकडी आणि छोटा कांदा ठेवला. दोघांत मिळून एक सुरी.

पंगत चाट पडली. एकाने सवयीने कांद्यावर बुक्की मारून तो फोडला.

"बुक्की नको भाऊ, सुरी हाय," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांना माइक लागला नाही. बावीस वर्षं बांधावरून मजुरांना हाका मारणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "हेच ते इस्रायली सलाड. तिथी कोनी कोनाले चिरून देत नाही. ज्याले खायचं त्याने चिरायचं."

रतिलालभाऊ लगबगीने आले. हळू आवाजात, दात दिसतील असं हसत म्हणाले, "अक्का, पाहुणे आहेत. पाहुण्यांना कामाला लावता? पानावर मीठ नाही, लोक काय म्हणतील!"

"काय म्हनतीन? तुमी तर चिरलं हाय ना भाऊ तिथी. रिवकाबाईनं सुरी दिलती तुमाले. तो पांढरा शर्ट धुतल्यावर निघाला का डाग?"

दौऱ्यावरचे बाकीचे पाचही जण एकदम खो-खो हसले. बाकीच्यांनी 'काय झालतं, काय झालतं' करून गोष्ट काढून घेतलीच. रतिलालभाऊंचा चेहरा टोमॅटोच्या बाजूला झुकला. ते पहिल्या पानावर जाऊन बसले आणि सुरी हातात घेतली. दुसरं करणार तरी काय?

मग चाळीस बाप्ये काकडी चिरू लागले. कुणी सुरी उलटी धरली, कुणी टोमॅटोवर रेटा देऊन त्याचा लगदा केला. सुनंदाबाई पंगतीतून मिठाचं भांडं कमरेवर घेऊन फिरत होत्या. "बारीक. हरभऱ्याच्या दान्याएवढं. आजोबा, तुमचं ब्येस हाय." आणि फिरता फिरता त्यांनी ती पाण्याची परात नथ्थूनानांकडून मधोमध आणवली.

"हे पहा. हे पानी कोनी टाकलं नाही. काकडीतलंच हाय. मीठ अकराले पडलं, एकाले फोडीत काही राह्यलं नाही. तुमच्यासाठी मी मीठ वेगळं नाही आनलं, तेच हाय. फक्त टाइम चुकला." त्यांनी श्वास घेतला. आता थांबायचं नव्हतं. "आपल्या केळीचंबी तेच. सहा तास एकदम पानी सोडतो, अन् ते मुळाच्या खाली निघून जातं. झाड दुपारी उपाशी, आपन म्हनतो, किती दिलं तरी पुरत नाही. मी मार्चपासून एका एकराले तीनदा दिलं, थोडं थोडं. तिसरा हिस्सा पानी वाचलं. घड शेजारच्या बागेपेक्षा हलका नाही भरला. ज्याले खोटं वाटते त्याने उद्या माह्या बागेत यावं, मी माती उकरून दाखवते."

"छान, छान," रतिलालभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. "अक्कांनी सलाड उत्तम समजावलं. आता मीठ वाढू द्या, आणि पुढचे वक्ते—"

"रतिलाल, तू काकडी चिर." आवाज निंबाआबांचा होता. ऐंशी वर्षांचे, गावातली पहिली केळी लावणाऱ्यांतले, आणि पानावर मीठ नसेल तर घास न उचलणारे. त्यांनी सुरी खाली ठेवली. आता यांचं काय बिनसलं, या धाकाने सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. निंबाआबांनी मात्र जीवरामभाऊंकडे वळून विचारलं, "काय रे जीवराम, मे महिन्यात दुपारचं पानी किती मिन्टं सोडलं?"

सुनंदाबाईंच्या हातातलं भांडं जड झालं. इतकं सगळं बोलून झालं, आणि प्रश्न गेला तो सातबाऱ्याकडेच.

जीवरामभाऊंनी मान वर केली. पुढ्यात कांदा होता, त्यामुळे डोळे वाहत होते. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला.

"मले काय विचारता आबा? मी कांदा चिरून राह्यलो. सातबाऱ्यावर नाव माहं हाय, शेत तिचं हाय. तिले विचारा."

निंबाआबांनी सावकाश मान वळवली. सुनेला किंवा लेकीला नव्हे, गटातल्या माणसाला बघावं तसं त्यांनी सुनंदाबाईंकडे बघितलं.

"किती मिन्टं, अक्का?"

"ऐंशी," सुनंदाबाई म्हणाल्या. "पन मिन्टाइचं नका पाहू आबा. मुठीत माती धरा. गोळा झाला अन् फुटला तर बंद. फुटला नाही तर तुमी जास्त दिलं." मग कुणी विचारलं खत कधी, कुणी विचारलं नळी किती लांब, आणि मागच्या कोपऱ्यातून एकाने विचारलं उद्या सकाळी आलं तर चालेल का. सुनंदाबाई उत्तरं देत राहिल्या. दहाची वीस मिनिटं झाली. भरीत निवत होतं, नथ्थूनाना बडगीपाशी हात चोळत होते, दुसऱ्या पंगतीवाले बांधावर उभे राहून ऐकत होते, आणि चाळीस पानांवर चिरलेली काकडी-टोमॅटो कोरडी, कुरकुरीत, मिठाची वाट बघत पडली होती.

"अक्का," रतिलालभाऊ शेवटी काकुळतीला आले, "आता तरी?"

"कोनाचं काही इचारायचं राह्यलं का?" सुनंदाबाईंनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. कुणाचं राहिलं नव्हतं. त्यांनी निंबाआबांच्या पानाशी वाकून पहिली चिमूट टाकली आणि मिठाचं भांडं रतिलालभाऊंच्या हातात दिलं.

"हं, आता वाढा मीठ."