जुमा आजोबांच्या तीन हाका

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पण मिरवणुकीतला नाही हं! केनियातल्या मोंबासा शहरात जुमा आजोबांनी मला आंब्याच्या लाकडातून स्वतःच्या हाताने कोरलं. वर बोकडाचं कातडं ताणलं. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी शाळाशाळांतून पोरांना गोष्टी करून दाखवल्या.

तिकडे गोष्टीची एक रीत आहे. सांगणारा ओरडतो, "पाउक्वा!" पोरांनी उलट ओरडायचं, "पाकावा!" ओ आली नाही तर गोष्ट सुरूच होत नाही. ऐकायचं नसेल तर जबरदस्ती कशाला, असं आजोबा म्हणत. काय कल्ला व्हायचा, अहाहा!

पुढे आजोबांची नाटकमंडळी पांगली. शाळाही बोलवेनाशा झाल्या. तेव्हा अमेरिकेतल्या कॅरीहून वल्लरी आली. मूळची नागपूरची, मुलांच्या नाटकांवर पीएचडी करणारी. आजोबांनी मला तिच्या हवाली केलं. "तिकडची पोरं मला ओ देतील का, तेवढं बघायचंय," ते म्हणाले. त्यांची तेवढीच आस उरली होती.

कॅरीला परतल्यावर वल्लरीने तिथल्या रविवारच्या मराठी शाळेत व्हिडिओ कॉल ठरवला. आधी मुलांना रीत शिकवली. कबीर आणि आन्या तर छप्पर उडेल असे ओरडले. "धिस इज सो फन, ताई!" मग पडद्यावर आजोबा आले, नवी टोपी घालून. तेवढ्यात शाळा चालवणाऱ्या नीलाकाकू आत आल्या. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती; त्यांनी टाळी वाजवली.

"हाताची घडी, तोंडावर बोट! आजोबा बोलतायत ना?"

"काकू, अहो, पण..." वल्लरी पुटपुटली. मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत कसं तोडायचं, म्हणून गप्प बसली.

"पाउक्वा!" आजोबांनी हाक दिली. सगळ्या पोरांची बोटं ओठांवर. कबीरने तोंड उघडलं, तर काकूंनी डोळे वटारले. दुसरी हाक. तिसरी. अगं वल्लरी, निदान मला तरी वाजव! माझा जीव नुसता तळमळत होता. आजोबांनी टोपी काढली, हात छातीवर ठेवला आणि कॉल बंद केला.

"किती शिस्तीत बसली हो मुलं!" काकू कौतुकाने म्हणाल्या.

वल्लरी घरी येऊन रडली. "वीकेंडला निवांत फोन करून आजोबांना समजावते," म्हणाली. वीकेंडला पेपर सबमिट करायचा होता. मग कॉन्फरन्स आली. दीड महिन्याने तिने फोन लावला, तो नातवाने उचलला. आजोबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

आता मी तिच्या भिंतीवर असतो, चकचकीत पुसलेला. माझी काळजी घेतात म्हणे! काय जाळायचीय ती काळजी? मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल, पण कुणाला काही समजावून सांगायचं राहिलं असेल, तर आज सांगा. इकडच्या पोरांना आपली गोष्ट नको होती, असंच समजून जुमा आजोबा गेले.