टोपीचा खिळा

थंड साच्यात शिसं ओतलं की गोळीवर सुरकुत्या पडतात. पहिल्या पाच-सहा गोळ्या नेहमी तशाच निघतात. त्या परत भांड्यात टाकायच्या आणि साचा तापेपर्यंत धीर धरायचा. हे मला माझ्या नवऱ्याने, ऑरिनने, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं. एकाहत्तर साल होतं. आमच्या बिटररूट खोऱ्यात तेव्हा निम्म्या घरांच्या मागे शिसं वितळवायचं एखादं खोपटं असायचं, आणि गॅरेजवाले टायरला लावायची जुनी शिशाची वजनं बादली भरभरून फुकट द्यायचे. नेम ऑरिनचा, ओतकाम दोघांचं, अशी आमच्यात वाटणी झाली. ती तो जाईपर्यंत टिकली.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे नेमबाजीचा दिवस असतो. जुन्या लांब बंदुका, आणि गोळी घरी ओतलेलीच हवी, विकतची चालत नाही. ऑरिन गेल्यावरही मी ओतत राहिले. खोऱ्यातले म्हातारे माझ्याच गोळ्या न्यायचे. गोळी ओतून झाली की तिच्या खाचांत मेण भरायचं, नाहीतर नळीला आतून शिसं चिकटतं. आमचं मेण मधमाश्यांचं, त्यात डुकराची चरबी घातलेली. खोपट्यात शिरलं की तोच वास यायचा. ऑरिनलाही तोच वास होता. त्याच्या टोपीला तर इतका, की डोळे मिटून टोपी नाकाशी धरली तर तो बाजूला बसलाय असं वाटावं.

तो गेल्यावर दोन वर्षांनी, मे महिन्यात, गुडघ्याच्या दुखण्यासाठी माझं रक्त तपासलं. त्या दवाखान्यातली डॉक्टर पोरगेलीच होती. माझी नखं बघून तिने विचारलं, "आजी, तुम्ही शिशाचं काही काम करता का?" मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. तिने आणखी एक बाटली रक्त काढलं.

माझी मुलगी कार्ला मिझुला शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. निकाल आला त्या शनिवारी ती गाडी घेऊन थेट आली आणि कागद माझ्यासमोर टेबलावर आपटला.

"सव्वीस!"

"तुझ्या वडिलांनी धरलेला तो ट्राउट सव्वीस इंचांचाच होता," मी म्हटलं.

"आई, मासा नाहीये हा. शिसं आहे, तुझ्या रक्तातलं. पाचच्या वर जायला नको तिथे सव्वीस."

"मला काही होत नाहीये."

"बाबांच्या बहिणीचं नाव काय?"

मी तोंड उघडलं, आणि नाव येईना. मागच्या महिन्यापासून असं होत होतं. थोड्या वेळाने आलं, पण कार्लाने तोवर पाहिलं होतं. ती खाली बसली. आवाज उतरला.

"ऑगस्टमध्ये परत तपासायचं. आकडा खाली आला तर ठीक. वर गेला तर भांडं, साचे, सगळं डेलमारकाका घेऊन जातील. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला खात्री होती. मी खोपट्यात खात नाही, पीत नाही. खिडकीत पंखा आहे. बाहेर पडल्यावर कोपरापर्यंत हात धुते, ऑरिननेच लावलेली सवय. मग शिसं माझ्यात शिरतं कुठून? हा प्रश्न मला असा चिकटला की भांडी घासताना, चर्चमध्ये, अळूबुखाराच्या झाडाखाली, सगळीकडे मी तोच चघळत होते. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं.

डेलमार आमचा शेजारी, तीन कुरणं पलीकडे राहणारा. पन्नास वर्षं शेतांची फाटकं बनवली त्याने. फाटकाला जो कडक, गुळगुळीत रंग असतो तो ओला नसतो, कोरडी पूड असते, ती भाजली की वितळून लोखंडाला बसते. एक दिवस तो आइस्क्रीमच्या डब्यात लाल पूड घेऊन आला, शिवाय मुलांच्या खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लास्टिकचे छर्रे, आणि कुणीतरी विकायला काढलेल्या जुन्या सामानातून आणलेला लहानसा ओव्हन.

"केक करायला आलास?"

"केकच. वीस मिनिटं भाजायचा. गोळीवर हा रंग चढला की मेण नको, धूर नको, आणि शिसं बोटाला लागत नाही. मिझुलाची पोरं आता असंच करतात."

"पोरं पँट पण फाटकी घालतात."

"अगं, फाटकी पँट रक्तात जात नाही," तो म्हणाला. मग ओव्हनच्या दारावर त्याने जाड शाईने लिहिलं: 'यात पाव भाजेल तो मरेल.'

डब्यात गोळ्या, छर्रे आणि चमचाभर पूड घालून झाकण लावायचं आणि गोल गोल हलवायचं. झाकण उघडलं तर पूड गोळ्यांना चिकटलेली! कशाने? गोंद नाही, पाणी नाही. मी डेलमारला विचारलं. तो म्हणाला, "कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे उचलतो ना, तसं." ते ऐकून मी गप्प बसणार होते थोडीच! काचेच्या बरणीत हलवून पाहिलं, धरलं नाही. कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात, नाही. दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात झकास. पाऊस आला त्या दिवशी दह्याच्या डब्यातही नाही. हवा सुकी झाली, परत धरलं. त्र्याहत्तराव्या वर्षी मला कळलं की हवेतल्या ओलीने सुद्धा एखादी गोष्ट हातची जाते. जून महिना कसा गेला समजलं नाही.

पण पहिली भट्टी फसली. गोळ्या लाल झाल्या, मात्र प्रत्येकीवर एक उघडा डाग, त्यातून करडं शिसं दिसतंय. डाग जवळजवळ सगळ्यांवर सारखा, लांबट.

डेलमारने भिंग लावलं. "अंगठा आहे हा."

"कोणाचा?"

"माझा नक्कीच नाही. मेणावर पूड बसत नाही, आर्लिस. तुझ्या बोटाला मेण आहे."

"मी महिनाभर मेणाला हात लावलेला नाही!"

"ओत बघू माझ्यासमोर. जशी रोज ओततेस तशी."

मी ओतलं. तो स्टुलावर बसून बघत राहिला. तिसऱ्या गोळीला टाळी वाजवून हसला.

"टोपी! ओतायच्या आधी दर वेळी टोपीची पुढची झापड ओढतेस. ऑरिनची टोपी, ऑरिनची खोड."

खरंच होतं. ऑरिन पळी उचलायच्या आधी अंगठ्याने आणि बोटाने झापड खाली ओढायचा. चाळीस वर्षांत त्या झापडीवर मेणाचा थर बसला होता, चामड्यासारखा. आणि मी तीच टोपी घालून, माझ्याही नकळत, तेच करत होते.

"काढ ती," डेलमार म्हणाला.

"तू आधी तुझे दात काढ."

"दात धुतो मी रोज. ती टोपी कधी धुतलीस?"

धुतली तर वास जाईल, हे त्याला काय सांगायचं. मी रबरी हातमोजे चढवले, गोळ्या चिमट्याने उचलल्या, आणि टोपी डोक्यावरच ठेवली. पुढची भट्टी निघाली ती फ्लॅटहेड तळ्याकाठच्या चेरींसारखी, लाल आणि चकचकीत, एकही डाग नाही. डेलमारने एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चेपली. गोळी पैशासारखी सपाट झाली, पण रंगाला तडा नाही. आम्ही दोघं म्हातारी माणसं ती चेपलेली गोळी एकमेकांच्या हातात देत किती तरी वेळ बसलो होतो.

मी दोनशे गोळ्या रंगवल्या. उघड्या शिशाला बोट लागलं नाही. ऑगस्टमध्ये रक्त द्यायला गेले ते हसत.

एकतीस.

कार्ला या वेळी ओरडली नाही, तेच वाईट होतं. "आई, तू वचन दिलंस. शनिवारची नेमबाजी होऊ दे. रविवारी मी आणि डेलमारकाका येतो, खोपटं रिकामं करतो."

"कुठून येतंय ते तरी कळू दे ना मला!"

"मला कळून घ्यायचं नाहीये. मला तू हवी आहेस."

गुरुवारी सकाळी मी पलंगावरच्या चादरी बदलत होते. माझ्या उशीचा अभ्रा काढला, मग शेजारच्या उशीचा. त्या उशीवर कोणी झोपत नाही. तिथे टोपी असते. ऑरिन गेला त्या आठवड्यात मी ती खोपट्यातून उचलून आणली आणि त्याच्या उशीवर ठेवली. तेव्हापासून दिवसा माझ्या डोक्यावर, नाहीतर उशीवर. झोपताना मी त्या बाजूला तोंड करते.

पांढऱ्या अभ्र्यावर गोल लाल कडं उमटलं होतं, टोपीच्या घेराएवढं. त्यातून लाल रेघ निघून माझ्या उशीकडे आली होती. मी माझा अभ्रा उजेडात धरला. जिथे माझा गाल असतो, तोंड असतं, तिथे फिकट लाल.

मी पलंगाच्या काठावर बसले. डब्याचं झाकण उघडताना उडालेली पूड टोपीवर बसली, टोपीवरून उशीवर आली. पूड लाल म्हणून दिसली. पण त्या टोपीत चाळीस वर्षांची करडी धूळ होती, आणि ती गेली दोन वर्षं त्याच वाटेने रोज येत होती. करडं दिसत नाही.

मग मला एक नाताळ आठवला. कार्ला वर्षाची होती, ऑरिन खोपट्यातून तसाच आत आला होता, आणि तिने रांगत जाऊन त्याच्या हातातली टोपी ओढून तोंडात घातली. ऑरिनने ती अशी हिसकावली की पोर किंचाळली. माझ्या सासूने केलेल्या बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, ताटातच राहिल्या. त्याच दुपारी त्याने खोपट्याच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक मोठा खिळा ठोकला. त्यानंतर टोपी कधी घरात आली नाही. मी त्याला चिडवायचे, "तुझ्या टोपीला घराची लाज वाटते का रे?" मला वाटायचं, नेमबाजांच्या असतात तशी ही काहीतरी शकुनाची गोष्ट. तो नुसतं म्हणायचा, "टोपी दारात." ऑरिनने जन्मात कशाचं कारण सांगितलं नाही.

मी तशीच, चपला घालून, अभ्रे काखेत मारून, डेलमारकडे गेले. तो अंडी तळत होता.

"ऑरिन टोपी घरात का आणत नसे?"

त्याने अभ्रा पाहिला. मग गॅस बंद केला.

"त्याचा बाप शिशाच्या कारखान्यात होता, माहितीये ना? आई त्याला ओसरीवरच सगळे कपडे उतरवायला लावायची. हिवाळ्यात सुद्धा. आम्ही पोरं कुंपणाआडून हसायचो." त्याने दोन ताटल्या काढल्या. "त्यांच्या शेजारच्या बाईने तसं केलं नाही. तिचा धाकटा मुलगा पुढे शाळेत कधी आलाच नाही."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगितलं की. टोपी दारात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. डेलमारने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि अंडी दोन ताटल्यांत वाढली, जणू मी जेवायलाच आले होते.

रविवारी कार्ला खोकी घेऊन आली. मी तिला भांड्याजवळ जाऊ दिलं नाही, झोपायच्या खोलीत नेलं. दोन्ही अभ्रे पलंगावर पसरून ठेवले होते, जसे होते तसे. तिने आधी लाल कडं पाहिलं, मग त्याच्या शेजारचा फिकट डाग.

"तू रोज..."

"हो."

"जाळून टाक ती टोपी, आई."

"नाही जाळणार."

"मग धू."

"धुणारही नाही. ती तिच्या जागी राहील. तुझ्या वडिलांनी जागा करून ठेवलीये. तू तोंडात घातलीस म्हणून केली होती."

"मी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं चार वर्षांची असताना बघायची. मग मी तिला तो नाताळ सांगितला. ती ऑरिनच्या बाजूला, उघड्या उशीशेजारी बसून ऐकत होती. खोकी गाडीतच राहिली. नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळाली. त्याआधी कार्लाने गाद्या, उशा, पडदे सगळं बदलून घेतलं, आणि माझ्याशी भांडून लाकडी फरशी तीनदा पुसली.

नोव्हेंबरचा आकडा अठरा आला. कार्लाने फोनवरच सांगितला, आणि पुढे म्हणाली, "बाबांच्या बहिणीचं नाव?"

"इंगेबोर्ग. आणि तिला केक विकत आणायची सवय होती, स्वतः कधी केला नाही. आणखी काय हवंय?"

टोपी आता खिळ्यावर आहे. मी आत जाते, डोक्याला धुतलेला रुमाल बांधते, हातमोजे घालते. जाता जाता टोपीजवळ नाक नेत नाही. नेलं नाही तरी थंडीच्या दिवसांत दार बंद असलं की वास येतोच, थोडा. ऑरिनची उशी मी कपाटात ठेवली. पलंग मोठा वाटतो.

पळी उचलायच्या आधी माझा हात अजूनही कपाळाकडे जातो. तिथे ओढायला काही नसतं. मी हात खाली घेते, साचा उघडते, आणि सुरकुतलेली पहिली गोळी परत भांड्यात टाकते.