चार बोटे रुंद

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, पण वहीत रेघा मारायची नव्हे. माझ्यावर आकडे नाहीत. मी वीतभर लांब, चार बोटे रुंद, आणि माझे काम मासेमारीचे जाळे विणताना पडते. माझ्याभोवती दोरा फिरवून गाठ मारली की जाळ्याचे एक चौकोनी भोक तयार होते. विणणारे त्याला आस म्हणतात. मी जेवढी रुंद, तेवढा आस मोठा. आस मोठा असेल तर लहान मासे निसटून जातात. लहान असेल तर पोरासोरांसकट सगळे अडकतात. कोण टोपलीत येणार आणि कोण नदीत राहणार हे माझ्या अंगावरून ठरते. एवढ्याशा लाकडाला हा मान काही थोडा नाही.

मला आत्याच्या वडिलांनी घडवले. आत्या आमच्या काठावर जाळी विणते आणि सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. तुटलेल्या वल्ह्याचा तुकडा वडिलांनी तासला, घासला, त्याला तेल पाजले आणि नऊ वर्षांच्या लेकीच्या हातात ठेवला. तेव्हा नदी गजबजलेली होती. सापासारखी वाम, दगडाला चिकटून बसणारे चपटे मासे, लाल पराचे, ठिपक्यांचे, आणि लांब मिशांचा एक धिप्पाड मासा. मिशांमुळे त्याला सगळे मामा म्हणत. मामा जाळ्यात आला की दोघांनी मिळून ओढावे लागे.

आत्या मोठी झाली, तिच्या गाठीचे नाव झाले. लोक लांबून जाळी विणून घ्यायला येत. मग यंत्रावर विणलेली बारीक आसाची जाळी बाजारात आली आणि आत्याच्या ओट्यावरची वर्दळ आटली. एके दुपारी तिचा थोरला भाऊ आला. त्याची स्वतःची होडी होती. त्याने सांगितले की मासे कमी झालेत, आस अडीच बोटांवर आण, नाहीतर मी तयार जाळे घेतो.

दादाच्या घरात खाणारी सहा तोंडे होती आणि आत्याकडे काम उरले नव्हते. तिने रंधा काढला. माझ्या ढलप्या ओट्यावर पडल्या. दीड बोट मी तिथेच गमावले.

पुढची सहा वर्षे सांगताना मला अजून अवघडल्यासारखे होते. पहिल्या वर्षी टोपल्या भरल्या. दादा खूश झाला, शेजारच्यांनीही तसलीच जाळी मागितली. जी पट्टी माशांना वाट द्यायची, ती आता त्यांची वाट अडवू लागली. मग मासे बोटभर होत गेले. ठिपक्यांचे दिसेनासे झाले. मामा तर कोणाच्या ध्यानीमनीही राहिले नाहीत. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी नशिबाला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

पाहिले ते वहिनीने. दादाची ही बायको बाजारात मासे कापून द्यायची. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. संध्याकाळी ती आत्याच्या ओट्यावर आली, पदराला हात पुसत बसली आणि म्हणाली, "वन्सं, महिनाभर रोज मासे कापतेय. एखाददुसरा सोडला तर कोणाच्याच पोटात अंडी नाहीत."

दादा मागेच उभा होता. घालून झाली असतील, असे तो म्हणाला.

"घालायच्या वयाचे झालेच नाहीत ते," वहिनी म्हणाली. "आपण पोरंच धरून आणतोय."

आत्याने मला तळहातावर घेतले आणि ती आत गेली. सकाळी तिने मला सुताराकडे नेले. त्याने दीड बोटाची नवी फळी सरस लावून, खुंट्या ठोकून मला जोडली. परत येताच आत्याने कात्री घेऊन अर्धवट विणलेले बारीक जाळे टराटरा कापले. आठ दिवसांची मेहनत होती ती. यापुढे चार बोटांच्या खाली विणणार नाही, असे तिने दादाला सांगितले.

"समोरच्या काठावर सगळे बारीक जाळी टाकतात," दादा म्हणाला. "मी एकट्यानं मोठा आस टाकून पोरांना काय घालू?"

प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आत्या मच्छीमारांच्या बैठकीला गेली. सोबत मी, वहिनी आणि तिची सकाळची टोपली. तिने एकेक मासा माझ्यावर आडवा ठेवला. माझ्यापेक्षा अरुंद मासे एका बाजूला, रुंद दुसऱ्या. पहिला ढीग टोपलीभर झाला. दुसऱ्यात तीन मासे. वहिनीने सगळ्यांसमोर पोटे चिरली. पहिल्या ढिगात एक अंडे नाही. तिघांपैकी दोघांची पोटे भरलेली. मग पुष्कळ भांडण झाले. शेवटी ठरले की नदीच्या आपल्या वळणापुरते तरी चार बोटांचेच जाळे टाकायचे, आणि अंडी घालायचे दोन महिने जाळी वाळत ठेवायची. दादाचा हात सर्वांत शेवटी वर गेला.

पहिले वर्ष कठीण गेले. त्या दोन महिन्यांत दादा बांधकामावर विटा वाहायला गेला आणि बहिणीशी अवाक्षर बोलला नाही. मासेमारी सुरू झाल्यावर आत्या रोज पहाटे मला घेऊन घाटावर उभी राही. मी आसातून आरपार गेले तर होडी सुटायची, अडकले तर जाळे घरी. एकदा दादाच्याच जाळ्याच्या कोपऱ्यात, बारीक ठिगळात, मी अडकले. सगळे बघत होते. आत्याने त्यालाही परत पाठवले. तो गेला, आणि दुपारी ठिगळ उसवून आला.

तिसऱ्या वर्षी वहिनीने आत्याला बाजारात बोलावून घेतले आणि चिरलेला मासा पुढे धरला. पोट नारिंगी अंड्यांनी गच्च भरले होते. आता ठिपक्यांचे मासे परत दिसतात, वामही येते. मामा मात्र आलेले नाहीत. कदाचित आम्हाला उशीर झाला.

मध्यंतरी कोणीतरी मला काचेच्या कपाटात ठेवायचे सुचवले. आत्या म्हणाली, "कपाटात गेली की लोक बघतील, मोजणार नाहीत."

मित्रांनो, तुमच्या घरी मासा आला की तो केवढा आहे ते जरूर बघा. फारच चिमुकला असेल तर विकणाऱ्याला विचारा, याला वाढू का दिले नाही? लाज वाटली तरी विचारा. मी लाकूड असून माझी चूक कबूल केली आहे.

समोरच्या काठावर अजून बारीक जाळी पडतात. आत्याने काल तिकडच्या लोकांना भेटायला येतो असा निरोप धाडला. त्यांनी या म्हटले नाही, येऊ नका असेही म्हटले नाही. दादा होडी घेऊन यायला तयार झाला आहे. टोपली वहिनी घेणार आहे. उद्या सकाळी आम्ही पलीकडे जातो आहोत.