वामनरावांचं पाय ठेवायचं स्टूल

चिखलीत सोफ्याची कामं करणारे पुष्कळ आहेत, पण फोमचे चौकोन कापून चिकटवणाऱ्यांना मी कारागीर म्हणत नाही. म्हणून पुष्पाबाई ते स्टूल घेऊन माझ्याच दुकानात आल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

पाय ठेवायचं बुटकं, गादीचं स्टूल. डेन्मार्कचं. पुष्पाबाईंच्या यजमानांचे, वामनरावांचे भाऊ बोटीवर नोकरीला होते, त्यांनी साठ वर्षांपूर्वी या दोघांच्या लग्नात आणून दिलेलं. सागवानी पाय खाली निमुळते होत गेलेले, सांधा तर बोटालाही लागत नव्हता. मी उलटंपालटं करून बघतच राहिलो. वामनराव दिवाळीआधीच वारले होते.

"कचरूभाऊ, कापड तेवढं बदला," पुष्पाबाई म्हणाल्या. "आतल्याले हात लावू नोका."

मी हो म्हटलं आणि हात लावला. आमच्या घराण्यात मेलेल्या माणसाच्या गादीतला कापूस परत भरत नाहीत, जाळून टाकतात. बापाने शिकवलं, मी पाळलं. गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. आत कापूस नव्हताच. घोड्याचे केस होते, तागाच्या पट्ट्यांवर हाताने टाचून बसवलेले. असा टाका मला उभ्या जन्मात जमणार नाही. तरी मी ते दुकानामागे नेऊन पेटवले. वास दोन दिवस गेला नाही. मग नवा कापूस पिंजून भरला, वर राखाडी लोकरी कापड ताणलं.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "त्यायच्या पायाचे खड्डे हायेत त्यात. दुपारी त्याच्यावर हात ठेवला तरच मले जेवण जाते. सांभाळा बरं, भाऊ."

मी फोन ठेवला. समोर स्टूल टम्म फुगलेलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, लबाडी मात्र लगेच सुचली. रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी स्वतःच त्यावर पाय ठेवून बसू लागलो.

भर एप्रिलात तळव्यांना गार लागायचं. चौथ्या दिवसापासून वाटू लागलं, की मी टेकायच्या आधीच कापूस दबलेला असतो. उठताना पायांना मुंग्या यायच्या. आठव्या दिवशी खड्डे नीट दिसू लागले. टाचा, तळवे, उजवा अंगठा. डाव्या अंगठ्याच्या जागी मात्र कापड सपाट. मी तिथे मुद्दाम अंगठा दाबून धरला. उचलल्याबरोबर कापड पुन्हा वर आलं.

पुष्पाबाई आल्या. फरशीवरच बसल्या, डोळे मिटून स्टुलावर हात फिरवू लागल्या. डावीकडे त्यांची बोटं थांबली. आता आपली चोरी पकडली जाणार, असं मला वाटलं.

"हेच!" त्या रडता रडता हसल्या. "शुगरनं डावा अंगठा कापा लागला होता त्यायचा. पहिले नुसता बधिर झाला, मंग काळा पडला. तुम्ही काहीच हलवलं नाही, भाऊ. लय उपकार झाले."

स्टूल छातीशी धरून त्या ऑटोत बसल्या. मी आत येऊन चप्पल काढली. माझा डावा अंगठा जागेवरच होता. कामाच्या सवयीने तोंडात धरलेला बारीक खिळा काढला आणि अंगठ्याला टोचून पाहिला. काहीच कळलं नाही. मग हातोडीने हळूच ठोकला. खिळा डोक्यापर्यंत आत गेला, तरी मी नुसता बघतच होतो.