शिंपले मिटले तेव्हा

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली स्टीलचा एक पसरट टब होता. नदीतून उपसलेल्या पाण्याची एक बारीक धार अखंड त्यातून वाहायची. टबात आठ शिंपले होते, जिवंत. प्रत्येकाच्या पाठीवर एक तार चिकटवलेली होती आणि कोण किती उघडा, किती मिटलेला हे शेजारच्या पडद्यावर आठ रेषांनी दिसायचं. पाणी चांगलं असलं की शिंपले फट उघडी ठेवून निवांत बसतात. पाण्यात काही वाईट आलं की घट्ट मिटून घेतात.

पंपाचे मिस्त्री त्यांना 'मंडळी' म्हणायचे. कामावर आले की दारातून डोकं आत घालून विचारायचे, "काय ताई, मंडळी मजेत ना?"

"सातजणी मजेत. आत्याबाईंचा रुसवा आहे." कायम अर्धवट मिटून बसणाऱ्या एका थोराड शिंपलीला दोघांनी मिळून आत्याबाई नाव ठेवलं होतं.

ताई केंद्रातली केमिस्ट. मिस्त्री तिच्या वडिलांच्या वयाचे, निवृत्तीला टेकलेले. तिची त्यांच्याशी एकाच गोष्टीवरून कटकट चाले. नदीकाठच्या पंपघरात काम झालं की ते तिथल्याच नळावर तोंड धुवायचे आणि घोटभर पाणी पिऊनही टाकायचे. शुद्ध न केलेलं, थेट नदीचं. ती रागावली की म्हणायचे, "नदीत डुंबत वाढलो मी. मला काही धाड भरत नाही."

त्या दिवशी सकाळी ताई नमुन्यांच्या बाटल्या विसळत होती. सहज पडद्याकडे नजर गेली, तर एक रेषा खाली आली होती. मग दुसरी. ती हात पुसून जवळ येईपर्यंत पाच आल्या होत्या. थोड्याच वेळात आठही रेषा तळाला टेकल्या.

टबाला कोणाचा धक्का लागला असेल, असं तिला आधी वाटलं. मागे एकदा झाडूचा दांडा टबावर आपटला होता, शिंपले मिटले होते आणि पंप व शहराचा पुरवठा आपोआप बंद पडून शहर अर्धा दिवस कोरडं राहिलं होतं. तेव्हापासून ते आपोआप बंद होणं काढून टाकलं होतं आणि निर्णय माणसांवर सोपवला होता. पण आज खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती पाण्यात बोट बुडवणार होती, पण तिने ते मागे घेतलं. गढूळपणा नेहमीसारखा, आम्लता नेहमीसारखी. यंत्रं सगळं ठीक म्हणत होती. शिंपले मात्र दगडासारखे मिटून बसले होते.

तिने केंद्रप्रमुख साहेबांना फोन लावला.

"यंत्रं काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"सगळं ठीक. पण साहेब, आठही मिटलेत. आजवर असं झालेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला भीती वाटतेय."

"मग नदीचे पंप बंद करा. शहराचा पुरवठा मात्र चालू ठेवा, टाक्यांत कालचं पाणी आहे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. कारण कळल्याशिवाय शहर कोरडं ठेवलं तर लोक आपल्याला फाडून खातील."

पंप बंद झाले. केंद्रात कायम घुमणारी घरघर थांबली आणि ती शांतता तिला सहन होईना. टाक्यांत कालचं पाणी होतं हे खरं. पण शिंपले मिटण्याआधी आणि मिटल्यावर पंप थांबेपर्यंत जे आत आलं होतं, ते एका हौदातून दुसऱ्या हौदात पुढे सरकतच होतं. आज नाही तर उद्या ते नळाला येणार होतं.

तिने घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला.

"आई, नळाचं पाणी वापरू नका. बाळाला तर अजिबात नको."

"अगं, आत्ताच अंघोळ घातली त्याला. काय झालं?"

"काही नाही. माठात भरून ठेवलंय तेवढंच प्या."

घरच्या नळाला आत्ता येणारं पाणी जुनंच होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी फोन ठेवण्याआधी तिने तेच पुन्हा एकदा बजावलं.

तेवढ्यात मिस्त्री पंपघराकडून चालत आले. "मंडळींनी संप केला म्हणे," ते हसत म्हणाले. पण ते हसणं ओढूनताणून आणलेलं होतं. कपाळ घामाने डबडबलं होतं आणि ते सारखे बाहीने हनुवटी पुसत होते.

"काका, बरं नाही का वाटत?"

"ऊन लागलं असेल."

खिडकीबाहेर ढगाळ होतं. ताईने त्यांना हाताला धरून उजेडातल्या खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, ती ते पुसत होते.

"काका, आज पंपघरात पाणी प्यायलात?"

त्यांनी नजर चुकवली. "घोटभरच."

कीटकनाशकाने माणसाचं असंच होतं हे तिने पुस्तकात वाचलं होतं. आता ते तिच्यासमोर खुर्चीत बसून धापा टाकत होतं. तिने अॅम्ब्युलन्स बोलावली, मग साहेबांना फोन केला.

"साहेब, काकांना विषबाधा झालीय. ते नदीचं पाणी प्यायलेत. मी शहराचा व्हॉल्व्ह बंद करतेय."

ती विचारत नव्हती, हे साहेबांच्या लक्षात आलं असावं. "करा," ते म्हणाले. "दवाखान्यांना मी कळवतो."

व्हॉल्व्हचं चाक प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच होतं. ते हाताने फिरवायचं होतं, आणि नेहमी मिस्त्रीच फिरवायचे. ते उठायला लागले, तर गुडघ्यांतून खाली बसले. "ताई, डावीकडे नाही," ते अडखळत म्हणाले, "उजवीकडे. आधी झटका दे."

तिने झटका दिला. चाक हललं नाही. तिने साऱ्या अंगाचा भार टाकला, तळहात सोलवटले, तोंडाने ती काय पुटपुटत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. शेवटी चाक करकरलं आणि फिरलं. मागे वळून पाहिलं तर मिस्त्री जमिनीवर कुशीवर पडले होते आणि त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "काका, बोलत राहा," एवढंच ती म्हणत होती.

नदीच्या वरच्या अंगाला कोणीतरी कीटकनाशकाची पिंपं पाण्यात रिकामी करून धुतली होती. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हौद उपसून धुवेपर्यंत शहराला पाणी नव्हतं. लोकांनी केंद्राच्या फाटकावर येऊन शिव्या घातल्या आणि ताईने त्या आतून ऐकल्या. टबातले तीन शिंपले मेले. मिस्त्री मात्र वाचले. कितीतरी दिवस ते नळ्यांच्या जंजाळात पडून होते.

पुरवठा पुन्हा सुरू झाला त्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मिस्त्रींची बायको खाटेशेजारी पेला हातात धरून बसली होती. पेला काठोकाठ भरलेला होता.

"डॉक्टर म्हणाले, आता पाणी द्यायला हरकत नाही," काकू म्हणाल्या. "नळाचंच आहे. देऊ ना गं?"

ताईने त्या पाण्याची तपासणी स्वतः केली होती, एकदा सोडून चारदा. तिने काकूंच्या हातून पेला घेतला आणि आधी स्वतः घोट घेतला. पाणी घशाखाली उतरेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली.

"द्या," ती म्हणाली.